राग आवरायला शिकवण्याआधी



जूनच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात आणि तेच दिवस पेरणीचे असतात. एकीकडे बियाणे-खताची जुळवाजुळव, दुसरीकडे पोरांच्या वह्या, पुस्तके, गणवेश. हिवरखेडच्या बाजारात त्या आठवड्यात दोन्ही दुकानांपुढे सारखीच गर्दी असते आणि खिसा मात्र एकच असतो. मुलाच्या दप्तरात काय आहे, काय राहिले, हे आपण नीट पाहून घेतो. ते मनात काय घेऊन शाळेत निघाले आहे, हे पाहायचे मात्र राहून जाते.

गेल्या काही वर्षांत शाळांनी या न दिसणाऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यायला सुरुवात केली आहे. स्वतःच्या भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख समजून घेणे, भांडण बोलून मिटवणे, ताण सहन करणे, नको त्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणे, अशा गोष्टी आता वर्गात शिकवल्या जातात. कोणी त्यांना जीवनकौशल्ये म्हणतात, कोणी सामाजिक आणि भावनिक कौशल्ये म्हणतात. पालकांमध्ये यावर दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, ‘शाळेने गणित आणि इंग्रजी शिकवावे, संस्कार आम्ही घरी पाहू.’ काही म्हणतात, ‘घरात कोणाला वेळ आहे? हेही शाळेनेच करावे.’ दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण एक प्रश्न दोन्हीकडे सुटतो. मुलाला मन आवरायला शिकवायचे ते कशासाठी? मुलाच्या भल्यासाठी, की आपल्याला त्रास होऊ नये म्हणून?

हे शिकवता येते का?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षण आले. त्यात वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणापासून राष्ट्रभक्तीपर्यंत दहा मूल्ये होती आणि संवेदनशीलता व सौजन्यशीलता ही त्यांपैकीच दोन. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्यांची दहा कलमी यादी मांडली. स्वतःची जाणीव, समानुभूती, संवाद, निर्णय घेणे, भावनांचे आणि ताणाचे समायोजन ही त्यातली काही नावे आजच्या शिक्षक-प्रशिक्षणातही ऐकू येतात.

पण फळ्यावर ‘संवेदनशीलता’ असा सुविचार लिहिल्याने कोणी संवेदनशील होत नाही, हा अनुभव शिक्षकांनाही आला. म्हणून पुढे पद्धत बदलण्याचे प्रयत्न झाले. त्यांतला आपल्या राज्यातला ठळक प्रयत्न म्हणजे ‘मूल्यवर्धन’. लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथल्या सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेणारे शांतिलाल मुथ्था यांनी हा कार्यक्रम उभा केला. २००९ साली बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत तो राज्य शासनाच्या सोबतीने सुरू झाला आणि पुढे राज्यभरातील जिल्हा परिषद शाळांपर्यंत नेण्यात आला. त्यात भाषण कमी आणि कृती जास्त. मुले जोडीने बोलतात, गटात खेळतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवतात आणि नियम मोडला तर काय करायचे यावर चर्चा करतात. आपला नियम आपण केला की तो पाळण्यात अपमान वाटत नाही, हे मूल अनुभवातून शिकते.

तेव्हा, हे शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. निदान त्याची सुरुवात तरी शिकवता येते, आणि ती सुरुवात शब्दांपासून होते. आपल्या वऱ्हाडात मुलगा रडायला लागला की पहिले वाक्य काय ऐकतो? ‘काहून रडून रायला बे? पोट्टी हायेस काय?’ या एका वाक्यात मुलाचाही अपमान आहे आणि मुलीचाही. मग तो मोठेपणी एकच भावना उघडपणे दाखवतो, ती म्हणजे राग. भीती वाटली तरी राग, लाज वाटली तरी राग, दुःख झाले तरी राग. ज्याला ‘मले भेव लागते’ एवढे म्हणता येते, त्याच्या हातातला दगड पुष्कळदा खाली पडतो.

मोठ्यांच्या बाबतीत याचा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात मिळाला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत २०११ नंतर ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी उदासीनतेविषयी, दारूविषयी, जिवाला लागलेल्या घोराविषयी बोलायचे, ऐकायचे आणि गरज असेल त्याला उपचारापर्यंत न्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदतीला जात होते. दीड वर्षाने ही संख्या सत्तावीसच्या आसपास गेली. दुखणे जुनेच होते. त्याला गावात नाव मिळाले आणि ते सांगायला माणूस मिळाले.

कौशल्य चांगले, पण कोणाच्या हातात?

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे ही मोठी कला आहे, पण ती चांगुलपणाची खूण आहे का? शेतकरी अडला आहे हे सावकाराला त्याच्या चेहऱ्यावरून कळते. फोनवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून म्हाताऱ्या माणसाची जन्माची पुंजी काढून घेणारा ठग आधी भीती निर्माण करतो, मग धीर देतो, मग घाई करतो. लोकांच्या भावनांचे त्याच्याएवढे ज्ञान आपल्यापैकी किती जणांना आहे? स्वतःचा आवाज तो शांत ठेवतो, समोरच्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकतो. कौशल्यांची परीक्षा घेतली तर तो पहिल्या वर्गात पास होईल.

कौशल्य म्हणजे विळा. त्याने चारा कापता येतो आणि माणूसही. म्हणून विळा देऊ नये असे कोणी म्हणणार नाही, पण तो देणाऱ्याने धार दाखवून गप्प बसू नये. मुलाला दुसऱ्याचे मन ओळखायला शिकवले, तर ओळखल्यावर त्याच्याशी काय वागायचे हेही त्याच तासाला बोलले गेले पाहिजे. एरवी आपण चतुर माणसे घडवू, आणि त्यांची आपल्या समाजात टंचाई नाही.

म्हणूनच या विषयाला गुण देण्याचा मोह टाळलेला बरा. ‘सहानुभूती : दहापैकी आठ’ असे प्रगतिपुस्तकात लिहिले की मुले सहानुभूती दाखवायला शिकतील, आणि दाखवणे व असणे यांतले अंतर त्यांना लहानपणीच सोयीचे वाटू लागेल. शिक्षकाने निरीक्षण जरूर करावे, आईवडिलांना दोन शब्द जरूर सांगावेत. पण कोणाचे मन वजनकाट्यावर ठेवू नये.

शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे

याहून मोठा धोका दुसराच आहे, आणि तो चांगल्या हेतूने येतो.

समजा, मेळघाटातून उतरून आलेल्या एका कोरकू मुलाच्या बोलण्याची वर्गात रोज नक्कल होते. किंवा फी भरली नाही म्हणून एखाद्या मुलीला सर्वांसमोर उभे केले जाते. किंवा शाळेच्या वाटेवर कोणी तिला त्रास देतो. एक दिवस त्या मुलाचा संयम सुटतो, तो दप्तर फेकतो, ओरडतो. आता वर्गात भावनांचा तास आहे. शिक्षक त्याला जवळ बोलावून प्रेमाने सांगतात, ‘डोळे मीट, पाच वेळा दीर्घ श्वास घे, राग जाऊ दे.’ मूल श्वास घेते. राग जातो. वर्ग शांत होतो. दुसऱ्या दिवशी नक्कल पुन्हा सुरू होते.

त्या मुलाला काय शिकवले गेले? आपल्यावर अन्याय झाला तर दुरुस्ती आपल्याच मनाची करायची असते, एवढेच. हे शिक्षण नव्हे. गरिबाला आणि दुबळ्याला शतकानुशतके जे सांगितले गेले, तेच हे नवे नाव घेऊन आलेले असते.

रागाला सरसकट पाप मानण्याची सवय आपल्यात आहे. परंतु ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी फार पूर्वी सांगितले होते की योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात रागावणारा माणूस स्तुतीलाच पात्र आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तोच विचार पुढे नेला. विवेकाला सोडून रागावणे जसा दोष, तसेच जिथे रागावायला हवे तिथे मुळीच न रागावणे हाही दोष असू शकतो, असे त्यांनी दाखवले. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकणाऱ्या येशूला आपण क्षमाशीलही म्हणतो आणि त्यात काही विसंगती मानत नाही. तिथे राग होता, पण तो स्वतःचा मान राखण्यासाठी नव्हता.

म्हणजे मुलाला रागाविषयी दोन गोष्टी शिकवायच्या आहेत. रागाच्या भरात हात उगारायचा नाही, ही पहिली. आणि राग कशाचा आला ते नीट पाहायचे, कारण कधी कधी राग बरोबर असतो, ही दुसरी. पहिली शिकवणे सोपे, कारण तिचा फायदा मोठ्यांनाही होतो. दुसरी शिकवायची तर मोठ्यांना उठून काहीतरी करावे लागते.

ऐकणारा माणूस

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास झाला. ७४ सरकारी माध्यमिक शाळा त्यात होत्या आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत जीवनकौशल्यांचा नेहमीचा वर्गातला कार्यक्रमच चालू ठेवला. काही शाळांत त्याच्या जोडीला, संपूर्ण शाळेचे वातावरण सुधारण्याचे काम प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाकडे सोपवले. उरलेल्या शाळांत तेच काम एका साध्या, पण खास त्यासाठीच नेमलेल्या व्यक्तीकडे दिले. ही व्यक्ती डॉक्टर नव्हती की मोठी तज्ज्ञही नव्हती. तिने भित्तिपत्रक चालवायचे, मुलांशी एकेकट्याने बोलायचे आणि एक पेटी ठेवायची. त्या पेटीत मुलांनी नाव न घालता आपली तक्रार किंवा सूचना टाकायची आणि तिची शाळेत दखल घेतली जायची.

वर्षाच्या शेवटी या तिसऱ्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलेले दिसले. मुलांमधली दादागिरी, मारामारी आणि उदासीनता कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. एकाच माणसाने शिकवायचे, पेपर तपासायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीच्या कामाला जायचे आणि शिवाय प्रत्येक मुलाचे मन ऐकायचे, हे कसे व्हावे? आणि ज्याच्या हातात गुण आहेत, त्याला मनातले सांगायला मूल बिचकते, हेही स्वाभाविक आहे. या अभ्यासातून आपण एवढे घ्यावे : धड्यापेक्षा, ऐकायला वेळ असलेला माणूस आणि ऐकल्यावर होणारी कृती यांचा उपयोग जास्त होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने महाराष्ट्र हादरला, तेव्हा राज्य शासनाने शाळांना तक्रारपेटी आणि सुरक्षा समित्यांविषयी पुन्हा बजावले. पेटी हवीच. पण ती कोण उघडतो, किती दिवसांनी उघडतो आणि चिठ्ठी वाचल्यावर काय करतो, यावर तिचे मोल ठरते. चिठ्ठी टाकूनही काही झाले नाही, तर मूल पुढच्या वेळी चिठ्ठी लिहिणार नाही, आणि त्याला बोलायला शिकवण्याचा आपला सगळा खटाटोप वाया जाईल. खरे तर वाया जाण्याहून वाईट होईल. सांगून उपयोग नसतो, हे ते आपल्याकडूनच शिकेल.

ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांच्याजवळ ना पेटी होती ना पाठ्यक्रम. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत. स्वच्छतेवर आणि प्रेमावर प्रवचन देण्याची मग फार गरज उरत नसे. इटलीतल्या तुरीन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी १८८४ साली आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. पूर्वी तुम्ही खेळाच्या मैदानात मुलांमध्ये असायचात, आता बाजूला उभे राहून फक्त लक्ष ठेवता, म्हणून मुलांची मने मिटली आहेत, अशी त्यांची खंत होती. आपले मुलांवर प्रेम आहे एवढ्याने भागत नाही, ते मुलांना कळले पाहिजे, हा त्यांच्या पत्राचा गाभा.

याच्या उलट टोकाला छडी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. तरीही ‘दोन फटके दिल्याशिवाय पोट्टं सुधरत नाही’ असे मास्तरांना आपणच सांगतो. ज्या हाताने छडी मारायची, त्याच हाताने फळ्यावर ‘रागावर ताबा ठेवा’ लिहायचे, तर मुले फळा वाचणार नाहीत.

आपल्या घरांतली गोष्ट

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही होते. कारण सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षांत पहिलीत बसलेली मुले आज पंचविशीच्या आसपास आहेत. कर्जाच्या घरात वाढणे म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही तासाशिवाय कळले. रात्री हलक्या आवाजात चाललेले बोलणे मुले झोपेचे सोंग घेऊन ऐकतात. बँकेचा माणूस आला की चूल का शांत होते, हे त्यांना समजते. सकाळी वर्गात त्यांचे लक्ष नसते आणि वहीवर शेरा येतो, ‘अभ्यासात लक्ष नाही.’

अशा मुलाला मन खंबीर करायला शिकवावे का? जरूर शिकवावे. पण सोबत एक प्रामाणिकपणा हवा. कापसाचा भाव, पावसाचा खंड आणि सावकाराचे व्याज यांचा भार दहा वर्षांच्या मुलाच्या खंबीरपणावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मुलाला सोसायला शिकवणे सोपे, त्याला सोसावे लागू नये म्हणून झटणे कठीण. दुसरे काम चालू असेल, तरच पहिले शिकवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.

हे काम शाळेचे की घराचे, या वादाचे उत्तरही इथेच मिळते. शाळा मुलाला शब्द देऊ शकते, सवय देऊ शकते, चार मित्रांबरोबर भांडून पुन्हा एकत्र खेळण्याची जागा देऊ शकते. चाळीस मुलांच्या वर्गात जे जमते ते एकुलत्या एका मुलाच्या घरात जमत नाही. पण शाळेत शिकलेला शब्द मूल पहिल्यांदा वापरून पाहते ते घरी. ते म्हणते, ‘बाबा, तुम्ही ओरडता तवा मले भेव लागते.’ त्या क्षणी बापाने काय करावे? ‘मास्तरानं हेच शिकवलं काय तुले?’ असे म्हटले, तर वर्षभराचा पाठ तिथेच संपला. ‘बरं झालं सांगितलंस’ असे म्हणून तो दोन मिनिटे मुलाजवळ बसला, तर शिक्षकाच्या मेहनतीला पीक आले.

आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या सिस्टर्स, शिक्षक आणि तरुण-तरुणींनाही हेच सांगणे आहे. प्रार्थना पाठ झाली का हे जरूर विचारा. वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळणाऱ्या मुलाकडेही बघा. जे मूल सर्वांत शहाणे आणि शांत वाटते, ते कधी कधी फक्त गप्प असते.

या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे. जेवताना मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून मुलाला गुण न विचारता विचारावे, ‘आज शाळेत कशाचा राग आला? कशाचं भेव वाटलं?’ उत्तर आले की लगेच उपदेश करू नये. उत्तरात कोणाचा अन्याय दिसला, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शांतपणे भेटावे. पालक सभेत पेटी कोण उघडतो हे विचारावे. आणि घरातल्या मोठ्या माणसाचाच जीव खालवर होत असेल, तर त्यानेही लपवू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मुलांना पाठ करून द्यावेत, आणि त्याआधी आपल्याला केव्हाही उठवता येईल हे त्यांना सांगून ठेवावे.